तात्यांचं पान

सोमवार, २४ सप्टेंबर १९५६. पापडी.

पोचलो एकदाचा, आणि फार खुशीत आहे! वसई रोडला उतरलो तर लख्ख ऊन, टांगेवाला बडबड्या आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच केळी. नरहरीभाऊ राऊत स्वतः वाडीच्या फाटकापर्यंत आले आणि माझी वळकटी त्यांनी माझ्या हातातून ओढूनच घेतली.

मी इथे कशासाठी आलो हे ऐकून टांगेवाला पोट धरधरून हसला. आमच्या साप्ताहिकात माझं एक सदर असतं: रेडिओवर चालू असलेल्या मालिकांत या आठवड्यात काय घडलं. ज्यांचा भाग चुकला त्यांची सोय. सोमवारी रहस्यकथा, बुधवारी विनोदी जोडपं, गुरुवारी घरगुती, शुक्रवारी पौराणिक. गिरगावात आमच्या खोलीखाली पिठाची गिरणी आली आणि रेडिओवर खरखरीशिवाय काही लागेना. खुनी कोण हे मी दोनदा अंदाजाने छापलं, दोन्हीदा तोंडावर पडलो. शेवटी संपादकांनी ओळख काढून मला इथे धाडलं. राऊतांचा बॅटरीवरचा भलामोठा रेडिओ ओटीवर असतो. एरियलची तार माडाला बांधलेली, वर क्रोशाचा रुमाल. आवाज असा स्वच्छ की माझं निम्मं काम आपोआप होईल.

घरात दोघंच, नरहरीभाऊ आणि सत्यवतीकाकू. मुली सासरी. मी मालिकांवर लिहितो हे कळल्यापासून काकू मला त्या मालिकांतल्या माणसांचा शेजारीच समजतात. धाकट्या सुनेचा ताप उतरला का, असं त्यांनी मला पाण्याचा तांब्या देतानाच विचारलं. जेवण सुरेख होतं, तांदळाची भाकरी आणि अळू. मी खाण्याच्या बाबतीत भलता नखरेल आहे. उष्टं तर सोडाच, कुणी फुंकर घातलेला चहाही मला जात नाही. इथे सगळं घासूनपुसून लख्ख आहे. माझं जमणार.

गुरुवार, २७ सप्टेंबर

आज घरगुती मालिकेत तात्या वारले.

सदरासाठी टिपून ठेवतो. 'थोरल्यांचं बिऱ्हाड', भाग सव्विसावा. मुलांनी वाटण्या करून म्हाताऱ्याला मागच्या खोलीत टाकलं होतं. सुना एकमेकींवर ढकलत राहिल्या आणि त्याला कुणी जेवायलाच वाढलं नाही. शेवटी 'अरे, घासभर तरी' एवढं म्हणून तो गेला. त्या नटाची एक लकब आहे. प्रत्येक वाक्याआधी तो ओठांचा मच् असा आवाज करतो, बोळक्या तोंडाच्या माणसासारखा. आज तो आवाज ऐकून मीही लेखणी खाली ठेवली, खोटं कशाला बोलू.

खरी गंमत मला ठाऊक आहे. नट नाटक कंपनीबरोबर विदर्भाच्या दौऱ्यावर निघाला, म्हणून लेखकाने तात्यांना मारलं. पण ओटीवर जो आकांत झाला! कुंपणापलीकडच्या बर्थाबाय रोज ऐकायला येतात. तांबडं लुगडं, साठी उलटलेली, जीभ तिखट. त्यांनी छातीवर क्रूस काढला आणि देवळात मेणबत्ती लावीन म्हणाल्या. सत्यवतीकाकूंनी तर डोक्यावरून आंघोळ केली आणि रात्री जेवल्या नाहीत. मी समजूत घालायला गेलो तर माझ्यावरच उखडल्या. "आपलं मानूस उपाशी गेलं, ने मी ताटावर बसू?"

गुरुवार, ४ ऑक्टोबर. सर्वपित्री.

आज हसून हसून पोट दुखलं. काकूंनी तात्यांचं पान वाढायचं ठरवलं.

नरहरीभाऊ चिडले. मी सांगितलं की तो नट विदर्भात दोन वेळा झोडून जेवत असेल. काकूंचं उत्तर बिनतोड होतं. नट असेल जिवंत, पण तात्या तर गेले ना? त्यांची मुलं जिवंतपणी घास देईनात, ती आता पितर घालणार आहेत होय? मग मला म्हणाल्या की तुम्ही त्यांच्यावर लिहिता, तर त्यांचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव आणि गोत्र सांगा.

मालिकेत यातलं काहीच नाही. मला खोडी सुचली. मी आमचं कर्णिक आडनाव दिलं, आमचंच गोत्र ठोकून दिलं आणि वडिलांच्या नावाच्या जागी माझ्या आजोबांचं नाव सांगितलं. म्हणजे तात्या माझे सख्खे चुलते झाले! मग काकू म्हणाल्या, गोत्राचं माणूस घरात असताना परक्याने पान का ठेवावं? घरचं श्राद्ध आमचा थोरला भाऊ करतो, त्यामुळे मला सवय नाही. तरी मी उजव्या हातावरून पाणी सोडलं, नाव-गोत्र उच्चारलं, या आणि जेवा म्हटलं आणि पान नेऊन पडवीच्या कौलांवर ठेवलं. वडे, खीर, भोपळ्याची भाजी, सगळं होतं.

एकही कावळा आला नाही. नरहरीभाऊंच्या वडिलांचं पान शेजारीच होतं, त्यावर मात्र झुंबड.

संध्याकाळी पान काढायला गेलो तर अन्न साफ झालेलं. नुसतं खाल्लेलं नव्हतं, चाटलेलं होतं. पानाच्या कडा चघळून चोथा केलेल्या आणि मधोमध दाट, तार सुटणारी लाळ. हाताला लागली. मांजर असेल. साबणाने तीनतीनदा हात धुतले, तरी वास जात नाही. आंबलेल्या तोंडाचा वास.

सोमवार, ८ ऑक्टोबर

रहस्यकथा, भाग नववा. इन्स्पेक्टर बंगल्याच्या मालकिणीची उलटतपासणी घेतो. हार कुठे आहे, असं तो दरडावून विचारतो. इथे बाई रडायला हव्यात. त्याऐवजी कुणीतरी जेवत असल्याचा आवाज आला. जवळून, अगदी कानाशी. पचपच, भुरका, मग मच्.

मला वाटलं, कुणी नट माईकपुढे भजी खातोय. पण इन्स्पेक्टर बोलतच राहिला आणि त्याच्या बोलण्यावरून दुसराच एक आवाज म्हणाला, घरात काही आहे का खायला.

काकूंनी हातातलं सूप टाकलं. त्यांचा चेहरा उजळला होता. तात्या आले म्हणाल्या, आपलं पान पोचलं म्हणाल्या. बर्थाबाय मात्र तशाच उठल्या आणि चपला न घालता घरी गेल्या.

मंगळवार, ९ ऑक्टोबर

वसईच्या बाजारात जाऊन आलो. तिथल्या एका हॉटेलात संध्याकाळी रेडिओ लावतात, कालचा भाग तिथे सगळ्यांनी ऐकला. बाई रडल्या, हार घड्याळात सापडला. जेवणाचा आवाज कुणीही ऐकला नाही. मालक माझ्याकडे बघून हसला.

म्हणजे तो आवाज फक्त आमच्या ओटीवर आला. हे मी लिहितोय खरं, पण माझाच विश्वास बसत नाही. काकू रेडिओपुढे रोज वाटीभर भात ठेवू लागल्या आहेत. वाटी सकाळी घासल्यासारखी असते.

बुधवार, १० ऑक्टोबर

विनोदी जोडप्याकडे पाहुणे येतात आणि बायकोचे लाडू दगडासारखे होतात, असा आजचा भाग. लाडू फोडायला हातोडा आणतात तिथे एरवी हशा असतो. आज कडाकडा चावल्याचा आवाज आला आणि नवराबायको दोघंही गप्प झाली. बराच वेळ नुसतं चावणं. ज्या तोंडात दात नाहीत ते इतकं कडाकडा काय चावतं?

पण आजचं खरं वेगळंच आहे.

वाडीत सुकेळ्यांचं काम चालू आहे. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवतात आणि मग केळीच्याच सुक्या सोपटात घट्ट बांधतात. मधासारखं लागतं. मी आल्यापासून रोज खातोय. आज जेवणानंतर एक सोडलं, अर्धं खाल्लं आणि ते जिभेवर कोमट लागलं. थुंकून पाहिलं. आत केळं नव्हतं, चोथा होता. कुणीतरी पूर्ण चघळून, चोखून, पुन्हा केळ्याच्या आकारात दाबून सोपटात बांधलेला. त्यात एक पांढरा केस.

नरहरीभाऊंनी जुडीच्या जुडी उलगडली. सगळी तशीच. काकू शपथेवर सांगतात की त्यांनी स्वतः बांधली आणि दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. सगळा माल बर्थाबायच्या डुकरापुढे टाकला. डुकराने हुंगलं आणि ते मागे सरलं.

म्हणजे मी गेले काही दिवस काय खात होतो? विहिरीवर जाऊन ओकलो. ओकून झाल्यावरही ओकत राहिलो.

शुक्रवार, १२ ऑक्टोबर

मी ऐकणार नव्हतो. पण सदर आहे आणि काकूंनी रेडिओ लावलाच.

द्रौपदीच्या थाळीची गोष्ट. वनवासात दुर्वास शिष्य घेऊन येतात, थाळी रिकामी झालेली असते. कृष्ण थाळीच्या काठाला चिकटलेलं भाजीचं एक पान खातो आणि साऱ्या जगाचं पोट भरतं. द्रौपदीने थाळी पुढे केली. मग जीभ. धातूवरून फिरणारी खरखरीत ओली जीभ, आतून, बाहेरून, काठावरून. कृष्णाचं वाक्य आलंच नाही. मच् झालं आणि तो म्हातारा म्हणाला, एवढ्याने काय होतं.

मग त्याने माझं नाव घेतलं. शरू म्हणाला. मला शरू फक्त घरचे म्हणतात.

रविवार, १४ ऑक्टोबर

दसरा. कुणी कुणाला सोनं दिलं नाही.

ओटीवरचा वास सहन होईना म्हणून नरहरीभाऊंनी रेडिओची मागची फळी काढली. मी कंदील धरला होता. आत भात कोंबलेला होता, चावून लगदा केलेला, आणि काचेच्या दिव्यांवर लाळेचा थर. दिव्यांच्या उष्णतेने तो शिजून तपकिरी झाला होता. बाकीचा ओलाच. हलत होता. मी म्हटलं अळ्या असतील. अळ्या नव्हत्या. लगदाच हलत होता, कुणी घोळवत असल्यासारखा, एका गालातून दुसऱ्या गालात.

नरहरीभाऊंनी बॅटरीची वायर उपटली, पेटारा वाडीत नेला आणि रॉकेल टाकून जाळला. काकू घरच्या माणसाचं प्रेत निघावं तशा रडल्या. मी सुटकेचा निःश्वास टाकला. संपलं.

सोमवार, १५ ऑक्टोबर

संपलं नाही. तो रेडिओतून निघाला आणि माझ्या ताटात आला.

सकाळी भाकरी घेतली. तव्यावरून थेट माझ्या हातात आली होती, मी स्वतः बघितलं. तोंडात घातली तर चावलेली. गिळगिळीत, कोमट, परक्या थुंकीने भिजलेली. भाकरी वरून कोरडी होती! नारळ फोडला, खोबरं चघळलेलं. अंडं उकडलं, कवच काढलं, आतलं चघळलेलं. नरहरीभाऊंनी त्याच अंड्याचा अर्धा भाग खाल्ला, त्यांना काहीच झालं नाही. फक्त मला.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

नरहरीभाऊ मला निर्मळला घेऊन गेले. तळ्याकाठी एक जाणते भटजी आहेत, त्यांच्याकडून या आत्म्याची गती करून घ्यायची. भटजींनी दर्भ मांडले, पिंड केले, नाव विचारलं. मी सांगितलं. गोत्र सांगितलं. मग गेला कुठल्या तिथीला, जन्म कुठला, आईचं नाव काय, हे विचारलं.

मी खरं ते सांगितलं. तो कुणी नव्हता. लेखकाने लिहिलेला होता.

मेलेल्याला मी वाट दाखवतो, भटजी म्हणाले, पण जो जन्मलाच नाही त्याला मी मेलेला कसा करू? त्याला ना पुढे जागा ना मागे. तुम्ही त्याला नाव, कूळ आणि पहिला घास दिलात, त्याच्याजवळ तेवढंच आहे. मग ते पिंड न उचलता उठले. पिंडांकडे मी पाहिलं. तिन्ही चपटे झाले होते आणि ओले होते.

बुधवार, १७ ऑक्टोबर

मुंबईला जायचं म्हणून वळकटी बांधली. बर्थाबाय फाटकात आडव्या उभ्या राहिल्या. जाणार कुठं, विचारलं. भावाकडे म्हटलं. भावाला मुलं आहेत का, विचारलं. तीन आहेत, धाकटी अजून अंगावर पिते.

"मग तो बी येल ना तुमच्यासंगती. त्याचंच घर हाय ते आता. पुतन्याचं घर."

वळकटी सोडली. खरं आहे. तेच आडनाव, तेच गोत्र. मी त्याला त्या घरात चुलत-आजोबा करून ठेवला आहे. वहिनी बाळाला पाजायला घेते आणि — नाही. हे मी होऊ देणार नाही.

बर्थाबायना विचारलं की तुमच्या देवळात काही होईल का. त्या म्हणाल्या, मेणबत्ती लावली होती, ती पेटलीच नाही. "ज्याला देवान केलाच नाय, त्याच्यासाटी मागाचं कोनाकडं?" डोळे पुसत गेल्या.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

पोटात अन्न नाही. पाणी जातं, पण दाट लागतं.

सुचलं ते एकच. लेखकाने केला, तर लेखणीनेच संपवावा. सदर लिहायला घेतलं. तात्या पोटभर जेवले, ढेकर दिली, तृप्त होऊन कायमचे गेले. चांगल्या अक्षरात लिहिलं. पाण्याचा तांब्या आणायला उठलो आणि परत आलो तर कागद नाही. टेबलावर ओला लगदा. शाई सगळीकडे पसरलेली. माझ्या जिभेवर शाईची चव.

माझ्या का?

शुक्रवार, १९ ऑक्टोबर

नरहरीभाऊ काकूंना घेऊन राजोडीला गेले, काकूंच्या भावाकडे. काकू जाताना माझ्यापुढे हात जोडून उभ्या होत्या. माझं चुकलं म्हणाल्या. आणि लगेच म्हणाल्या की त्यांना उपाशी ठेवू नका हो.

मी त्यांना रागावलो नाही. पान मीच ठेवलं होतं.

रविवार, २१ ऑक्टोबर

बर्थाबाय पायरीवर पाव ठेवून जातात. आज डोळे मिटून, नाक दाबून गिळला. अख्खा. लगदा, केस, सगळं. पोटात काहीच पोचलं नाही. मध्येच कुठेतरी —

वाटेत कुणीतरी घेतो.

आरशात तोंड उघडून पाहिलं. गालांच्या आतल्या बाजूला — नाही लिहीत. तोंड फडक्याने बांधलं आहे.

सोमवार, २२ ऑक्टोबर. दुपार.

चावण्याचा आवाज सकाळपासून. रेडिओ जळला, घरात कुणी नाही. मांजर नाही. सगळ्या खोल्या पाहिल्या. जिथे जातो तिथे —

माझाच जबडा आहे. मी चावतो आहे. फडकं कधी सुटलं?

घरात खायला काही नाही. पाव संपला. मग मी काय —

गोड. खारट आणि गोड. चावलेलं नाही हे. ताजं आहे! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणी आधी न — पोटात पोचतंय, उबदार, मला कळतंय. भरतंय. देवा, बरं वाटतंय —

मच्.

हा आवाज मी केला.

डावा हात टेबलाखाली आहे. बघणार नाही. दुखत नाही. कागदावर थेंब पडतात ते पुसायला हात वर घेतला तर बोटं — दोनच —

एवढ्याने काय होतं

हे मी लिहिलं नाही. माझं अक्षर आहे, पण मी नाही. लेखणी सोडवत नाहीये. सोडली की उजवा हात मोकळा होईल आणि त्याला उजवा